सिडकोतलं घर आपलं, मग जमीन कुणाची?

आजचा भाग एका पिशवीतून निघाला.

आमच्या घरी लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक खाकी कापडी पिशवी आहे. आजोबांची. घराचे सगळे कागद तिच्यात, आणि त्या पिशवीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, हा नियम. आजोबा दोन वर्षांपूर्वी गेले. गेल्या पावसाळ्यात आमच्या वरच्या मजल्याचा स्लॅब गळायला लागला, म्हणून मी म्हटलं, कर्ज काढू आणि एकदाचं नीट करून घेऊ. माझी पगाराची स्लिप, रिटर्न, सगळं तयार होतं. पिशवी घेऊन एका बँकेत गेलो.

तिथल्या माणसाने कागद शांतपणे चाळले आणि विचारलं, ‘‘यात वरचा मजला कुठे आहे?’’

मी म्हटलं, ‘‘वर आहे.’’ (हसू नका, खरंच असंच म्हणालो.)

मग तो म्हणाला, ‘‘कागदावर नाही. आणि जमीन तर भाडेपट्ट्याची आहे, माहीत असेल तुम्हाला.’’

मला माहीत नव्हतं. ज्या घरात जन्मलो, वाढलो, ज्या ओट्यावर बसून बारावीचं फिजिक्स केलं, त्याच्याखालची जमीन आमची नाही, हे मला सत्ताविसाव्या वर्षी बँकेच्या काउंटरवर कळलं. मग मी वाचत सुटलो, बाबांना छळलं, शेजारच्या काकांना छळलं. त्यातून हा भाग तयार झाला. आपण बोलतोय सिडकोबद्दल. म्हणजे नाशिकच्या सिडकोबद्दल.

आधी नावापासून सुरुवात करू, कारण नावातच घोळ आहे. सिडको ही जागा नाही. ती एक सरकारी कंपनी आहे. महाराष्ट्राचं शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, स्थापना १९७०. तिचं पहिलं आणि मोठं काम नवी मुंबई. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ मासिकात मांडलं होतं, की मुंबई उत्तरेकडे लांबत नेण्यापेक्षा खाडीपलीकडे नवं शहर करा. त्यातून पुढे ही कंपनी आली. मग तिला नाशिक, औरंगाबाद, नांदेड इथेही कामं मिळाली. गंमत अशी, की नवी मुंबईत माणूस वाशीत राहतो, नेरुळमध्ये राहतो. ‘मी सिडकोत राहतो’ असं तिथे कुणी म्हणत नाही. आपण म्हणतो. संभाजीनगरवालेही म्हणतात. कंपनीचं नाव गावाला चिकटलं. सरकारी कागदावर आपल्या भागाचं नाव ‘नवीन नाशिक’ आहे, महापालिकेच्या सहा विभागांपैकी एक. पण रिक्षावाल्याला ‘नवीन नाशिक’ सांगून बघा, तो तुमच्या तोंडाकडे बघेल.

आता हे सगळं इथेच का आलं? नकाशा डोळ्यांसमोर आणा, किंवा फोनवर उघडाच. जुनं नाशिक म्हणजे गोदाकाठ. पंचवटी, मेनरोड, भद्रकाली. रेल्वे स्टेशन तिथून आठ-नऊ किलोमीटर लांब, नाशिकरोडला. तिथे १९२५ पासून नोटा-स्टॅम्पची प्रेस. म्हणजे शहर पूर्वीपासूनच तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. पश्चिमेची बाजू मात्र शेतीची होती. साठच्या दशकात चित्र पालटलं. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरला औद्योगिक वसाहत आली. १९६४ मध्ये ओझरला मिग विमानांचा कारखाना. मग मायको, ज्याला आता बॉश म्हणतात. पुढे अंबडला दुसरी एमआयडीसी. आता या दोन एमआयडीसी आणि मुंबई-आग्रा हायवे यांच्या मधोमध बोट ठेवा. तुमचं बोट सिडकोवर आहे.

कारखाना आला की कामगार येतो, आणि कामगाराला रात्री कुठेतरी झोपायचं असतं. प्रेसच्या आणि एचएएलच्या लोकांना स्वतःच्या वसाहती होत्या. सातपूरच्या छोट्या शेडमध्ये लेथवर उभा राहणारा माणूस कुठे जाणार? आमचे आजोबा असेच. साक्री तालुक्यातून आले, धुळे जिल्हा. आधी चार जण मिळून एका खोलीत, दोन दिवसपाळीचे, दोन रातपाळीचे, त्यामुळे गाद्या दोनच. ही गोष्ट ते दर दिवाळीला सांगायचे आणि दर वेळी गाद्यांवर जोर द्यायचे.

तर मोरवाडी, उंटवाडी, कामटवाडे, अंबड या गावांच्या शिवारात जमीन घेतली गेली, आणि सत्तरच्या दशकापासून टप्प्याटप्प्याने घरं बांधायला सुरुवात झाली. टप्पे सहा. पहिली योजना, दुसरी योजना, असं करत सहावी. जुनी माणसं अजून पत्ता सांगताना ‘चौथ्या स्कीमला’ म्हणतात ते यामुळे. सगळी मिळून घरं सुमारे २५ हजार. हे होत असताना नाशिकला महापालिका नव्हतीच, नगरपालिका होती. महापालिका झाली १९८२ मध्ये. म्हणजे हा भाग शहराच्या आधी शहराबाहेर उभा राहिला आणि शहर नंतर त्याच्यापर्यंत आलं. रस्ते, पाणी, ड्रेनेज, दिवे ही कामं सिडकोने एकेक योजना करत महापालिकेच्या हवाली केली. जमीन मात्र हवाली केली नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

एक गोष्ट या इतिहासात नेहमी राहून जाते. ही शेतं कुणाची तरी होती. मोरवाडी किंवा कामटवाड्याच्या जुन्या गावठाणात आजही फिरलात, तर अचानक गल्ली वाकडी होते, एखादं जुनं मंदिर दिसतं, आणि कळतं की आपण आखलेल्या कॉलनीतून एका खेड्यात शिरलो. नकाशावर सरळ रेघांच्या मधे गाठ मारल्यासारखं दिसतं ते. आमच्या गल्लीची सरळ रांग कुणाच्या तरी बांधावरून गेली आहे, हे मी लहानपणी कधी मनातही आणलं नाही.

आता घर. सिडकोचं घर म्हणजे नेमकं काय मिळालं? उत्पन्नाचे गट होते. अत्यल्प, अल्प, मध्यम, उच्च. आजोबा खालच्या गटातले. एक खोली, स्वयंपाकाचा कट्टा, मागे न्हाणी आणि संडास, पुढे थोडी मोकळी जागा. बैठं घर, रांगेत, दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. पैसे हप्त्याने. पिशवीत त्या हप्त्यांच्या पावत्या आहेत, दोऱ्याने बांधलेल्या, एकही न हरवता. मी माझ्या फोनच्या ईएमआयचा मेसेज न वाचता डिलीट करतो, आणि इथे पावत्यांचा गठ्ठा.

पत्त्याबद्दल थोडं बोललंच पाहिजे, मी शेवटी कोड लिहिणारा माणूस आहे. आपले पत्ते आठवा. आधी ‘एन’ आणि आकडा, मग एक-दोन इंग्रजी अक्षरं, मग तिरकी रेघ, आकडा, परत तिरकी रेघ, आकडा. भाग, घराचा प्रकार, रांग, घर. मला हे प्रचंड आवडतं. डेटाबेसमध्ये घालायला याहून सोपं काही नाही. पण हा पत्ता माणसांसाठी केलेलाच नव्हता, तो ड्रॉइंगसाठी होता. म्हणून लोकांनी त्याच्यावर दुसरा थर चढवला. पवननगर, उत्तमनगर, सावतानगर, त्रिमूर्ती चौक, राणाप्रताप चौक, शिवाजी चौक. संभाजीनगरला सिडकोत लोक सरळ ‘एन-सहाला’ म्हणतात, तिथे आकडा टिकला. आपल्याकडे चौक जिंकले. आणि डिलिव्हरीवाला पोरगा अजूनही फोन करून विचारतोच, ‘‘दादा, कुठल्या मंदिराजवळ?’’

बरं, एका खोलीत आमचे आजोबा, आजी, बाबा, काका, आत्या. पाच माणसं. बाबांचं लग्न झालं तेव्हा सहा. आता तुम्ही काय कराल? पुढची मोकळी जागा झाकाल. त्यांनी झाकली. मग मागची. मग वर पत्र्याची खोली. मग १९९८ मध्ये, माझ्या जन्माच्या वर्षी, पत्रा काढून स्लॅब. तोच आता गळतोय.

ही गोष्ट फक्त आमची नाही, गल्लीतल्या प्रत्येक घराची आहे. आज पवननगरमधून चालत गेलात तर सिडकोने बांधलेलं मूळ बैठं घर शोधावं लागतं. एक मजला, दोन मजले, कुठे तीन. बाहेरून जिना, खाली किराणा नाहीतर ब्लाऊज पीसचं दुकान, वर भाडेकरू. अंबडला नवीन नोकरीला लागलेल्या मुलांना परवडणारी खोली मिळते ती या वरच्या मजल्यांवर. ज्या भाड्यावर कित्येक निवृत्त कामगारांचा महिना चालतो, ते भाडं कागदावर नसलेल्या खोल्यांचं आहे.

इथे जरा लांबून बघू. घर वाढणार हे काय कुणाला माहीत नव्हतं? माहीत होतं. त्याच सिडकोच्या नवी मुंबईत, बेलापूरला, चार्ल्स कोरियांनी ऐंशीच्या दशकात एक छोटी वसाहत केली. तिथला मुख्य नियम असा, की कुठल्याही दोन घरांची भिंत सामाईक नसावी. का? कारण घर वाढवताना शेजाऱ्याला विचारावं लागू नये. म्हणजे वाढ हिशेबात धरूनच घर लहान दिलं. पुढे २००४ मध्ये चिलीत आलेहांद्रो आरावेना या आर्किटेक्टने तर चक्क अर्धं घर बांधून दिलं आणि उरलेलं अर्धं लोकांवर सोडलं. त्यांना २०१६ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला, म्हणजे आर्किटेक्चरमधलं नोबेलच समजा. आमच्या आजोबांनीही अर्धं घर घेऊन उरलेलं बांधलं. त्यांना पुरस्कार सोडा, पूर्णत्वाचा दाखलासुद्धा मिळाला नाही.

पण मी एकतर्फी बोलणार नाही. सामाईक भिंतींची रांग म्हटल्यावर वाढायला तीनच दिशा उरतात: पुढे, मागे आणि वर. पुढे वाढलं की रस्ता गेला. आमच्या गल्लीत अँब्युलन्स शेवटच्या घरापर्यंत जात नाही, अग्निशमनची गाडी तर विसराच. वर वाढलं की वीज. या तारा बैठ्या घरांच्या डोक्यावरून जायच्या, कुणाचा हात पोचायचा नाही. घरं वर गेली आणि तारा गॅलरीच्या शेजारी आल्या. सिडकोत गच्चीवर, गॅलरीत तारेचा धक्का लागून माणसं गेल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. लहानपणी आई आम्हाला गच्चीवर पतंग उडवू द्यायची नाही, आणि संक्रांतीला अख्खं नाशिक ‘वक्काट’ ओरडत असताना आम्ही खाली ओट्यावर. तेव्हा आईचा राग यायचा.

म्हणून २०१८ मध्ये महापालिकेने सिडकोतल्या वाढीव बांधकामांवर खुणा करायला सुरुवात केली, तेव्हा कायद्याच्या बाजूने मुद्दा होताच. पण खुणा करायच्या कुणावर? जवळजवळ प्रत्येक घरावर. लोक रस्त्यावर उतरले, राजकारण तापलं, मोहीम थांबली. बांधकामं तशीच राहिली. पाडलीही नाहीत आणि कागदावरही आली नाहीत.

आता मूळ प्रश्न, जमीन. सिडकोचं मॉडेल समजून घ्या. जमीन सरकारने दिली. सिडकोने ती विकसित केली आणि घर तुम्हाला दिलं, पण जमीन ‘विकली’ नाही, भाडेपट्ट्याने दिली. लीज. ठरावीक वर्षांचा करार. या काळात तुम्ही राहा, वापरा, मुलांना द्या, अगदी दुसऱ्याला विका. पण विकताना जे विकता ते जमिनीची मालकी नसते, उरलेल्या वर्षांचा हक्क असतो. आणि जमिनीच्या कागदावर मालक म्हणून सिडको असल्यामुळे प्रत्येक व्यवहाराला तिची परवानगी लागते, हस्तांतरण शुल्क लागतं. वारसाचं नाव लावायचं तरी तिथेच अर्ज. कर्ज काढायचं तरी तिचा ना हरकत दाखला.

यात काही अगदी जगावेगळं नाही. भाडेपट्ट्यामागे विचार असा, की सार्वजनिक पैशाने घेतलेली जमीन कायमची हातची जाऊ नये, आणि कामगाराला स्वस्तात मिळालेलं घर दुसऱ्या दिवशी दलालाच्या हातात जाऊ नये. हेतू वाईट नव्हता, असं माझं मत झालंय. अडचण पन्नास वर्षांनी येते. घर देणारी संस्था नवं काही बांधत नाही, रस्ते-पाणी महापालिकेकडे, घरपट्टी महापालिकेला, आणि दाखला मात्र तिसरीकडे. आपल्या भाषेत सांगायचं तर सगळी सिस्टिम नव्या सर्व्हरवर गेली आणि लॉगिन तेवढं जुन्या सर्व्हरवर राहिलं.

म्हणूनच २०२२ मध्ये एक विचित्र वाटेल अशी गोष्ट घडली. सिडकोचं नाशिकचं कार्यालय बंद करण्याचा आदेश निघाला. ज्या कार्यालयाच्या चकरांना लोक कंटाळले होते, ते बंद होतंय म्हटल्यावर लोकांनी पेढे वाटायला हवे होते. झालं उलटं. विरोध झाला, आणि मग त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. कारण साधं होतं. टेबल गेलं म्हणून सहीची गरज जात नाही. आधी जमीन आमच्या नावावर करा, मग खुशाल कुलूप लावा, असं लोकांचं म्हणणं. यालाच ‘फ्री होल्ड’ची मागणी म्हणतात. बॅनरवर हा शब्द तुम्ही शेकडो वेळा वाचला असेल. निवडणूक जवळ आली की तो मोठ्या अक्षरांत येतो.

जमिनीच्या कागदांची कटकट सिडकोने सुरू केली असं समजू नका. पाथर्डी फाट्यावरून वर पांडवलेणी दिसतात. आपण तिथे रविवारी ट्रेकला जातो, सेल्फी काढतो. तिथे तीन नंबरच्या लेण्यात साधारण १९०० वर्षांपूर्वीचे लेख आहेत, ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने तिथल्या भिक्षूंना एका गावातलं शेत दान दिलं होतं. काही वर्षांनी दुसरा हुकूम निघाला. त्यात म्हटलंय, की आधी दिलेलं शेत कसलं जात नाही आणि ते गावही वसलेलं नाही, म्हणून त्याच्याऐवजी शहराच्या सीमेवरच्या आमच्या जमिनीतलं १०० निवर्तनं शेत द्या. शिवाय त्या जमिनीत अधिकाऱ्यांनी शिरू नये, मिठासाठी खणू नये, अशा सवलती. म्हणजे चुकीची जमीन, दुरुस्तीचा अर्ज, पर्यायी प्लॉट आणि वर ‘अधिकारी त्रास देणार नाहीत’ अशी हमी. आणि हे सगळं दगडात कोरून, म्हणजे फाईल गहाळ व्हायचा प्रश्नच नाही.

परत पिशवीकडे. बाबांशी बोललो तेव्हा कळलं, त्यांना सगळं माहीत होतं. फक्त कधी गरज पडली नव्हती. ‘‘आबा होते ना,’’ एवढंच म्हणाले. घर अजून आजोबांच्याच नावावर आहे. आधी वारसांची नावं लागली पाहिजेत. वारस चार: आजी, बाबा, काका, आत्या. मूळ घर चौघांचं. पण वरचा मजला बाबांनी स्वतःच्या पीएफमधून बांधलेला, आणि तो कागदावर नाही. मग तो कुणाचा? काका म्हणतात, दादा, तुझाच आहे, पण लिहून देताना जरा थांबतात. मी त्यांना दोष देत नाही. जी गोष्ट कागदावर नाही, तिची वाटणी प्रेमावर चालते, आणि त्यावर बँक कर्ज देत नाही.

तुमचं घर सिडकोत असेल, तर एक काम आजच करा. घरातल्या मोठ्या माणसाजवळ बसा आणि वाटपपत्र, भाडेपट्ट्याचा करारनामा आणि सगळे हप्ते फिटल्याचा कागद कुठे आहे ते विचारा. फोटो काढून ठेवा. करारनाम्यात वर्षं किती आणि कधीपासून, ते स्वतः वाचा. घर मूळ ज्याला मिळालं त्याच्याच नावावर अजून आहे का, आणि मधे कुणी नुसत्या मुखत्यारपत्रावर विकत घेतलंय का, हेही बघा. ही बोलणी माणूस असताना करणं सोपं असतं. आम्ही पिशवी उघडली तेव्हा विचारायला कुणी उरलं नव्हतं.

आमचं पुढे काय? श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. खान्देशातली माणसं सिडकोत इतकी, की त्या दिवशी गल्लीत अहिराणीच ऐकू येते. आजी दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला ‘‘कथा जाई राह्यना?’’ विचारत असते. रोटांसाठी सुरतेहून आत्या येणार आहे, काकाही येतील. बाबांनी स्टॅम्प पेपर आणून ठेवलाय. मी कागदांचे स्कॅन करून तिघांना पाठवले, तर आत्याचा रिप्लाय आला, ‘‘त्या पावत्यांच्या गठ्ठ्याचा दोरा माझ्या परकराच्या नाडीचा आहे.’’

स्लॅबवर सध्या ताडपत्री टाकली आहे.